परदेशी इंटर्नशिप: आधी कागद, मग काम

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या इंटर्नशिपबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देतो.

"पोऱ्या टेक्सासमा एमएस करस. पहिलंच सेमिस्टर शे. एक कंपनी त्याले इंटर्न म्हनीसन बलावस. जावू देवू का?" (अमळनेर)

काका, बहुधा आत्ता नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताना बाहेरच्या कंपनीत अभ्यासक्रमाशी जोडलेली इंटर्नशिप करायला सीपीटी, म्हणजे शिकत असतानाच्या कामाची परवानगी, लागते. ती एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळते. सुरुवातीपासूनच प्रत्यक्ष काम सक्तीचं असलेले काही पदव्युत्तर अभ्यासक्रम तेवढे अपवाद. मंजुरी विद्यापीठातला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद पाहणारा अधिकारी, देतो, आणि मग आय-२० या विद्यापीठाच्या कागदावर कंपनीचं नाव व तारखा येतात. त्या तारखेच्या आदल्या दिवशीही काम सुरू करायचं नाही. ज्या कामाला इतरांना पगार मिळतो, ते "शिकायला म्हणून फुकट" केलं तरी नियम मोडतोच.

पहिल्या दिवसापासून सीपीटी देऊ म्हणणाऱ्या कॉलेजांपासून जपून राहा. मिशिगनमधलं 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' तर तिथल्या सरकारनेच उभारलेला खोट्या कॉलेजचा सापळा होता. २०१९ मध्ये तो उघड झाला आणि त्यात अडकलेल्यांत बहुतेक आपलीच भारतीय मुलं होती. शिवाय १२ महिने पूर्णवेळ सीपीटी केली, तर त्या पदवीवरची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर विषयातलं काम करायची परवानगी, हातची जाते.

"मी मूळचा सावद्याचा. न्यू जर्सीत १२ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. गावाकडून आलेल्या पदवीधरांना संधी द्यायची आहे. काय लागेल?"

भाऊ, तुमच्यासारख्यांची फार गरज आहे, म्हणून नीट सांगतो. पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत मालकावर फारसा बोजा नाही. मुलाकडे ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड हवं, त्यावरची सुरुवातीची तारीख उलटलेली हवी आणि काम त्याच्या विषयातलं हवं.

खरी कसोटी पुढच्या २४ महिन्यांच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित या विषयांच्या पदवीधरांसाठीच्या) मुदतवाढीला. त्यासाठी कंपनीची ई-व्हेरिफाय या, कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत नोंदणी लागते. ती आजच करून ठेवा, मुलगा दारात उभा राहिल्यावर नको. आय-९८३ या फॉर्मवर तो काय शिकणार, कोण शिकवणार, मूल्यमापन कसं होणार, हे लिहून सही करायची. आठवड्याला किमान २० तास काम आणि तशाच कामाला स्थानिक माणसाला देता तितका पगार. इथे बिनपगारी काम चालत नाही. त्याने नोकरी सोडली किंवा तुम्ही काढलं, तर ५ कामकाजी दिवसांत डीएसओला कळवायचं. अधिकारी कंपनी पाहायलाही येऊ शकतात. त्यामुळे फॉर्मवर लिहिलेलं शिकवणं खरोखर चालू असू द्या.

एक गोष्ट अनेक छोट्या मालकांना ठाऊक नसते. एफ-१ वरच्या मुलाला साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा (तिथल्या निवृत्तिवेतन व आरोग्यविमा योजनांचा) कर लागत नाही. तुमच्या वाट्याचे ७.६५ टक्केही वाचतात.

"मी धुळ्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इथूनच अमेरिकेत इंटर्नशिपला जाता येईल?"

ताई, येईल, जे-१ इंटर्न व्हिसावर. भारतात शिकत असलेल्या किंवा पदवी होऊन १२ महिने न उलटलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो आहे. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. कंपनीचं पत्र पुरत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था डीएस-२०१९ हा व्हिसासाठीचा कागद देते, आणि प्रशिक्षणाचा आराखडा डीएस-७००२ या फॉर्मवर भरावा लागतो. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बघू" म्हणणाऱ्या एजंटाला तिथेच नमस्कार करा.

"जळगावात बसून अमेरिकी कंपनीचं काम केलं तर?"

अमेरिकेचा व्हिसा लागत नाही. मिळकतीवरचा कर मात्र इथे भरायचा.

"मुलगी ओपीटीवर आहे, ७० दिवस झाले नोकरी नाही. एक जण पैसे घेऊन कागदावर नोकरी दाखवतो म्हणतो. केळीच्या बागेवर कर्ज काढलंय हो." (रावेर)

वहिनी, तुमची रात्रीची झोप उडाली असेल हे समजतं, पण ते पैसे देऊ नका. खोटी नोकरी पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते. पहिल्या ओपीटीत एकूण ९० दिवस बेरोजगारी चालते, म्हणजे अजून २० दिवस हातात आहेत. कामगार कायदा न मोडता, स्वतःच्या विषयातलं, आठवड्याला किमान २० तासांचं बिनपगारी काम पहिल्या ओपीटीत चालतं. विद्यापीठातली प्रयोगशाळा किंवा एखादी सेवाभावी संस्था तसं पत्र देऊ शकते. आज रात्रीच तिला फोन करा आणि उद्या सकाळी आधी डीएसओला गाठायला सांगा.