ऑर्केस्ट्रात साइड ऱ्हिदम वाजवून करिअर होतं का? हे वादक एरवी काय करतात?

मुलगा तबल्याच्या मध्यमा परीक्षेची तयारी करतोय आणि बारावीनंतर ऑर्केस्ट्रातच जायचं म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. मी नागपुरात २२ वर्षं हेच करतोय: साइड ऱ्हिदम, म्हणजे मुख्य ठेक्याच्या जोडीला लागणारी तालवाद्यं. तबला, ढोलक, कांगो (हाताने वाजवायचा उंच ढोल), मादल (नेपाळी ढोलकी), कबास (मण्यांच्या माळा गुंडाळलेलं खुळखुळणारं वाद्य), जे लागेल ते.

करिअर होतं. पण निव्वळ वाजवण्यावर घर चालवणारे आमच्यात थोडेच. गणपती, नवरात्र, कोजागिरी, मग लग्नसराई, एवढ्या दिवसांत रात्र रिकामी जात नाही. पितृपक्षात मात्र फोन वाजत नाही. आमचा कीबोर्डवाला शाळेत गणित शिकवतो, ऑक्टापॅडवाल्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

विशारदपर्यंतच्या परीक्षा झालेल्या पोरांनाही पहिल्यांदा जड जातं ते थांबणं. परीक्षेत कायदा, रेला, तुकडा अशा तबल्याच्या रचना सगळ्या भरभरून वाजवायची सवय लागते. इथे माझ्या वहीत एका गाण्यापुढे लिहिलंय: ‘मुखडा – काही नाही. पहिलं म्युझिक – कबास. अंतरा – मादल. शेवटी ट्रँगल, दोनदा.’ ते दोन ठोके चुकले तर श्रोत्यांना कळणार नाही कदाचित, पण गायिका मान वळवून बघते. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत रणजित गझमेर यांची मादल कान देऊन ऐका. कुठे वाजवलं नाही, तेही ऐका.

दुसरी गोष्ट सुराची. तबला काळी चारच्या सुराला लावून ठेवला की झालं, असं होत नाही. मे महिन्यात वर्धा रोडवरच्या लॉनवर कार्यक्रम असला की आयोजक मायेनं मोठा कूलर आमच्याकडे फिरवतात. त्याची ओली हवा पुडीवर, म्हणजे तबल्याच्या कातड्यावर, आली की तबला सुरातून उतरलाच. एका स्वागत समारंभात गाणं सुरू असतानाच तो असा उतरला. हातोडी उचलायला सवड नव्हती. चाटीवरचा, म्हणजे पुडीच्या कडेवर वाजणारा ‘ना’ टाळला आणि अख्खा अंतरा बंद, म्हणजे न घुमणाऱ्या बोलांवर काढला. तेव्हापासून तीन तबले नेतो, आणि कूलर कुठे आहे ते आधी बघतो.

वाजवण्यापलीकडचं विचारलंत. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे, मृग बहाराची. मे महिन्यात झाडांना ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. पानं कोमेजतात, गळतात, बघवत नाही. पाऊस पडला की फुटतात, फुलतात, आणि तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाग ताणावर असते तेव्हा मी लग्नांमध्ये असतो, आणि आषाढी एकादशीला मुहूर्त संपले की फुलं-फळं बघायला शेतावर. ही बाग नसती तर मी वाजवणं कधीच सोडलं असतं, कारण कमी पाकिटाच्या कार्यक्रमाला नाही म्हणायची हिंमत तिनंच दिली.

मुलाला परीक्षा पूर्ण करू द्या. सोबत एक वही द्या आणि त्याच्या आवडीच्या एकाच गाण्यातलं फक्त साइड ऱ्हिदम लिहायला लावा, कुठे काय वाजतं आणि कुठे नाही. इअरफोन लावूनच. माझं पहिलं पान भरायला आठवडा लागला होता, त्यामुळे दोन-तीनदा ऐकून पान कोरंच राहिलं तर त्याला रागावू नका.