ड्रग्जवर भाषणं खूप झाली, पुढं काय झालं ते विचारा – वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (पुण्याहून, कॉलेजात शिकवणारे एक वाचक): ड्रग्जच्या विरोधात तर सगळेच पक्ष एका सुरात बोलतात. मग राजकीय इच्छाशक्ती नाही असं तुम्ही का म्हणता?

सर, एका सुरात बोलतात तिथंच घोळ होतो. ज्या बिलाला कुणाचा विरोध नाही ते बिल कुणी नीट वाचतही नाही, आणि हे मी उगाच म्हणत नाहीये. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, 1985 चा, त्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली. अत्यावश्यक अमली औषधांची, म्हणजे मॉर्फिनसारख्या दुखण्यावरच्या औषधांची, एक नवी व्याख्या कलम 2 मध्ये घातली. चांगलीच दुरुस्ती होती, कॅन्सरच्या पेशंटला त्याची गरजच होती. पण नवी व्याख्या मधे घुसल्यामुळे ड्रग्जचा अवैध व्यापार म्हणजे काय ते सांगणारी जुनी व्याख्या एक नंबर पुढं सरकली आणि कलम 27-अ मात्र तसंच जुन्या नंबरकडे बोट दाखवत राहिलं. आता हे 27-अ काय, तर ड्रग्जच्या धंद्यात पैसा लावणारे आणि गुन्हेगाराला आसरा देणारे यांच्यासाठीचं कलम, शिक्षा 10 ते 20 वर्षं. म्हणजे पुड्या विकणारं पोरगं नाही, त्याच्या मागचा शेठ ज्या कलमात सापडणार तेच कलम लटकलं, आणि ते 7 वर्षं तसंच होतं.

कुणाच्या लक्षात आलं माहितीये? त्रिपुरातल्या एका आरोपीच्या. जामीन मागताना त्याच्या बाजूनं कोर्टात हा मुद्दा आला की हे कलम लागूच होत नाही. जून 2021 मध्ये त्रिपुरा हायकोर्टानं केंद्राला दुरुस्ती करायला सांगितलं, 30 सप्टेंबरला वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये बिल आलं, तेही 1 मे 2014 पासून लागू असं. मागच्या तारखेनं फौजदारी कायदा कसा लावता, घटनेच्या कलम 20 चं काय, असा आक्षेप विरोधकांनी घेतला, तो अगदी रास्त होता. पण राज्यसभेत तेव्हा 12 खासदार अख्ख्या अधिवेशनासाठी निलंबित, बाकीचे त्यावरून घोषणा देतायत, आणि त्या गोंधळातच 20 डिसेंबरला बिल पास. पहिली चूक न वाचल्यामुळे झाली आणि ती दुरुस्त करतानाही नीट चर्चा नाही. मला याचा खरंच त्रास होतो.

प्रश्न (ठाण्याहून): राज्याच्या 2025 च्या पावसाळी अधिवेशनात ड्रग्जचे गुन्हे मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, आणले. आता तरी हे लोक सुटणार नाहीत ना?

हत्यार चांगलं आहे, मी त्याच्या बाजूनंच आहे. मकोकात जामीन अवघड आहे, एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. पण मकोका लावायला टोळी दाखवावी लागते, गेल्या 10 वर्षांत एकापेक्षा जास्त चार्जशीट कोर्टात गेलेली असावी लागतात. म्हणजे मुळात एनडीपीएसच्या केसेस धड उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि त्या कुठं पडतात? झडतीच्या वेळी कलम 50 (मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढं झडती मागायचा हक्क) नीट पाळलं नाही, सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोर घेतलं नाही, पंच फुटला, सरकारी लॅबचा सीए रिपोर्ट (माल खरंच ड्रग्ज आहे का ते सांगणारा) महिनोन्‌महिने आलाच नाही. यातलं काहीही शिक्षा वाढवून सुधारत नाही. त्याला माणसं लागतात, लॅब लागते, पैसा लागतो. अँटी नार्कोटिक्स टास्क फोर्ससाठी, म्हणजे राज्याच्या ड्रग्जविरोधी पोलीस दलासाठी, 2025 मध्ये 346 पदं मंजूर केली ते मला मकोकाच्या बातमीपेक्षा मोठं वाटलं, फक्त मंजूर पद आणि भरलेलं पद यात किती अंतर असतं ते आपल्या राज्यात कुणाला सांगायला नको.

आणि हेच अधिवेशन लोकांना कशासाठी आठवतं? 17 जुलैला विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या कार्यकर्त्यांची हाणामारी झाली त्यासाठी, आणि एका मंत्र्यांच्या मोबाईलवर पत्ते दिसले त्या व्हिडिओसाठी (मी खेळत नव्हतो असं ते म्हणाले). ज्या आठवड्यांत इतका कडक कायदा झाला त्याच आठवड्यांत सगळी चर्चा मारामारीची. 2023 मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा (मेफेड्रोन, केमिकलपासून बनणारं ड्रग) कारखाना सापडला, 2024 मध्ये कुरकुंभ एमआयडीसीत सापडला. केमिकल फॅक्टरीच्या नावाखाली एवढा माल बनतो तेव्हा तिथं तपासणीला कोण जात होतं, यावर सभागृहात तासन्‌तास बोलायला हवं होतं.

प्रश्न (कोल्हापूरहून): आमदार सभागृहात अमका ड्रग्जवाल्यांना सांभाळतो म्हणतात, बाहेर मात्र गप्प. का?

कारण घटनेच्या कलम 194 चं संरक्षण आत आहे, बाहेर नाही. आत बोललेल्यावर कोर्टात जाता येत नाही. हा अधिकार काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे, धमकीला न घाबरता बोलायला तो हवाच. पण आरोप करायच्या आधी विधानसभेच्या नियम 35 ची नोटीस द्यायची असते, कागद पटलावर ठेवायचे असतात. नुसतं नाव घेऊन बसले की समजा, क्लिपसाठी बोलले.

प्रश्न (सोलापूरहून): आमच्या आमदारांना नेमकं काय विचारू?

मंत्री सभागृहात 'चौकशी करू', 'लॅब वाढवू' म्हणाले की ते आश्वासन होतं, त्याचा हिशेब ठेवायला आश्वासन समिती असते. लोकसभेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. तुमच्या जिल्ह्याबद्दल दिलेलं आश्वासन पूर्ण झालं का हे विचारा. जिल्ह्यात एनडीपीएसच्या किती केसेसचा सीए रिपोर्ट बाकी आहे, यावर तारांकित प्रश्न टाकायला सांगा. उत्तर लेखी येतं, ते जपून ठेवा.

प्रश्न (नाशिकहून एक आई): माझा 19 वर्षांचा मुलगा एमडीसोबत पकडला गेला. या सगळ्या चर्चेत आमच्यासाठी काही आहे का?

ताई, आहे, पण ते कुणी भाषणात सांगत नाही. एमडीची 2 ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, 50 ग्रॅमच्या वर व्यापारी मात्रा, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तर आधी पंचनाम्यात वजन किती लिहिलंय ते बघा. मुलगा व्यसनी असेल, केस अल्प मात्रेची किंवा स्वतः सेवन केल्याची असेल आणि तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर एनडीपीएसच्या कलम 64-अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. वकिलांना हे कलम नाव घेऊन विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, ते कोर्टातच असतं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, फोन फुकट आहे. 2019 च्या सरकारी सर्वेक्षणात देशात अफूजन्य नशा करणारे सव्वादोन कोटींच्या वर होते, त्यामुळे शेजारी काय म्हणतील हा विचार सध्या बाजूला ठेवा. उपचार सुरू केल्याची तारीख, डॉक्टरांचे कागद, सगळं एका फाईलमध्ये लावत जा, पुढच्या तारखेला कोर्टात तेच लागणार आहे.