आधी त्याचे बोलणे पूर्ण होऊ दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. सहावीतला तो मुलगा वर्गात तोंडच उघडत नाही. मुख्याध्यापक त्याला मंद म्हणतात, प्रशिक्षणात मिळालेली लक्षणांची यादी त्याला तणावग्रस्त ठरवते आणि वडील त्याला इंग्रजी माध्यमात घालायला निघाले आहेत. यांपैकी खरे कोणाचे, असे तू विचारतेस. हे तिन्ही निकाल त्या मुलाला ऐकून न घेताच दिले गेले आहेत. चौथा तू देऊ नकोस.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांतली बोली पुस्तकातल्या मराठीपासून बरीच दूर आहे, हे तुला त्या भागात अतिथी शिक्षिका म्हणून गेल्यावर कळलेच असेल. शाळेत त्या मुलाला प्रमाण मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा भेटतात आणि तिन्हींत त्याची चूक काढायला कोणीतरी उभे असते. कन्नड माध्यमात मराठी मुलाची कुचंबणा होते, हे आपण सीमाभागात नेहमी बोलतो आणि ते खरेच आहे. पण मराठी शाळेत, मराठी शिक्षकाकडून, घरच्या मराठीची जी अडवणूक होते तिच्याविषयी आपण अवाक्षर काढत नाही. वाक्य अर्ध्यावर असतानाच आपण मुलाचे क्रियापद सुधारतो. काही महिन्यांत मूल एवढेच शिकते की गप्प राहिले तर चूक होत नाही. म्हणून सांगतो, आधी त्याचे बोलणे पूर्ण होऊ दे, दुरुस्ती नंतर.

याला लाड म्हणणारे तुला भेटतील. त्यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम दाखव. शक्य तोवर शिक्षण मातृभाषेतून असावे, असे त्यात म्हटले आहे आणि त्याच्या लगेच पुढच्या उपकलमात मुलाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त करावे, असे म्हटले आहे. कायद्याने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. आपण मात्र भाषेचा प्रश्न चळवळीकडे आणि मनाचा समुपदेशकाकडे सोपवून मोकळे झालो. एनसीईआरटीच्या २०२२ च्या पाहणीत सहावी ते बारावीच्या ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे कारण सांगितले. तेव्हा तुझ्या यादीतल्या लक्षणांचे मूळ आधी आपल्या वर्गातच शोधायला हवे. मात्र त्याचे जेवण, झोप, खेळ सुटले असतील किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा तो करत असेल, तर क्षणही न दवडता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर.

वडिलांना हिणवू नकोस. कन्नड आणि इंग्रजीवाचून मुलाचे अडेल, ही त्यांची भीती खोटी नाही. त्यांना शांतपणे सांग की कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मते रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा एक-दोन वर्षांत येते, पण तिच्यातून विज्ञान-इतिहास समजण्यास साधारण पाच ते सात वर्षे लागतात, आणि पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसरीत उपयोगी पडते.

मी मुख्याध्यापक असताना दिवसाचा पहिला तास मुलांच्या बोलण्यासाठी राखला होता. अभ्यासक्रम मागे पडतो, असा शेरा मिळाला. काही पालकांनी दाखले नेले आणि पट घसरला. गेलेल्या मुलांतली काही फार हुशार होती, त्यांची हळहळ आजही वाटते. तरी तो तास मी बंद केला नाही, आणि आज त्या खुर्चीवर असतो तरी केला नसता, कारण राहिलेली मुले पुढे कन्नडच्या तासालाही हात वर करून प्रश्न विचारू लागली होती, मोडक्या कन्नडमध्ये का होईना. लोक मला हट्टी म्हणाले. म्हणोत!

तू उगाच नवे उपक्रम शोधत बसू नकोस. त्याला सर्वांसमोर उभे करू नकोस. मधल्या सुट्टीत भाताची लावणी, गुरे, पावसातली वाट, त्याला जे ठाऊक आहे ते विचार, आणि तो थांबला तर तूही थांब. ते त्याच्याच शब्दांत लिहून काढ आणि त्याला वाचून दाखव. तुझे ऐकण्यात काही चुकले असेल तर तोच तुला दुरुस्त करील, आणि त्या दिवशी त्याला मंद म्हणणाऱ्यांना वर्गात बोलावून ते ऐकव.

पुढच्या पत्रात तुझे निष्कर्ष नकोत. तो जे बोलला ते, एकही क्रियापद न बदलता, मला लिहून पाठव.

तुझे गुरुजी