डॅशबोर्डच्या आधी आकडा भरणाऱ्या सेविकेशी बोला

तुम्ही विचारलंय की राज्यस्तरावरच्या एका पोषण योजनेसाठी संनियंत्रण आणि मूल्यमापनाची व्यवस्था बसवायची आहे, तर निर्देशक म्हणजे नियमित बघायचे आकडे किती ठेवायचे, डॅशबोर्ड कसा असावा आणि सुरुवात कुठून करायची. मी सातपुड्याच्या भागात एका संस्थेतर्फे अंगणवाड्यांच्या आकडेवारीवर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे तिथूनच सांगते. डॅशबोर्ड शेवटी बघू, तो या सगळ्यातला सोपा भाग आहे.

सुरुवातीच्या काळातली एक आढावा बैठक माझ्या डोक्यातून जात नाही. एका सेविकेने त्या महिन्यात चार मुलं सॅममध्ये म्हणजे अतितीव्र कुपोषित दाखवली होती आणि आजूबाजूच्या सगळ्या अंगणवाड्यांचा अहवाल निरंक होता. तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, तुमच्याच गावात एवढी मुलं कशी, लक्ष नसतं का तुमचं? खरं तर तिनेच घरोघरी जाऊन टेप लावून मुलांचा दंडघेर म्हणजे दंडाचा घेर मोजला होता, बाकी बऱ्याच जणींनी मागच्या महिन्याचं रजिस्टर पुढे उतरवलं होतं. पुढच्या महिन्यात तिचाही अहवाल निरंक. मुलं तीच, घरं तीच. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, ताई, खरं लिहिलं की बोलणी मलाच बसतात, आणि लिहून त्या लेकरांना जास्तीचं काही मिळालंही नाही, मग कशाला लिहू?

तुमची सगळी रचना या बाईच्या प्रश्नाला उत्तर देते का, एवढं बघा. ज्या आकड्यावरून माणसाला झापलं जाणार आहे तोच आकडा त्याच माणसाकडून भरून घेतला तर तो बिघडणार, मग सॉफ्टवेअर कितीही भारी असो. म्हणून पहिला नियम असा करा की जास्त सॅम मुलं सापडणं हा दोष धरायचा नाही. सापडलेल्या मुलाला किती दिवसांत तपासलं, ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे गावातच जास्तीचा आहार देऊन देखरेख करतात तिथे, घेतलं का, नंतर पुन्हा वजन झालं का, हे विचारायचं, आणि हे विचारायचं फक्त सेविकेला नाही तर आरोग्य खात्यालाही, कारण मूल सापडल्यानंतरचं अर्धं काम त्यांचं आहे.

दुसरं म्हणजे फेरमोजणी. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून थोड्या अंगणवाड्या निवडायच्या आणि दुसऱ्याच कुणीतरी जाऊन तीच मुलं चार-आठ दिवसांच्या आत पुन्हा मोजायची. हे 'दुसरं कुणीतरी' कोण, याला फार महत्त्व आहे. गुजरातमध्ये २००९ च्या सुमारास कारखान्यांच्या प्रदूषण तपासणीवर एक मोठा प्रयोग झाला होता, विषय वेगळा असला तरी धडा हाच आहे. तिथे ऑडिटर कारखानाच निवडायचा आणि पैसेही तोच द्यायचा, त्यामुळे हवेतल्या धुळीच्या बाबतीत ऑडिट अहवालांत फक्त ७ टक्के कारखाने मर्यादेबाहेर दिसत होते, स्वतंत्रपणे मोजलं तर ५९ टक्के निघाले. मग काही कारखान्यांसाठी ऑडिटर सोडतीने नेमले, पैसे एका सामायिक निधीतून दिले, त्यांच्याही कामाची अधूनमधून फेरतपासणी केली, तेव्हा अहवाल खरे यायला लागले आणि त्या कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं. म्हणून पर्यवेक्षिकेने स्वतःच्याच बीटची, म्हणजे तिच्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांची, फेरमोजणी करायची असं ठेवू नका, निदान शेजारच्या बाल विकास प्रकल्पातून (साधारण तालुक्याएवढा भाग) माणूस आणा.

खोटेपणा पकडायला फार मोठं गणितही लागत नाही. दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेला की मूल सॅम. आता एखाद्या प्रकल्पात ११.६ आणि ११.७ ची गर्दी आहे आणि ११.४ जवळजवळ नाहीच, तर समजून जा. वजनं सगळी पूर्ण किंवा अर्ध्या किलोवर येत असतील तर काट्यावर मूल बसलंच नाही किंवा काटाच धड नाही. पण हे दिसलं की लगेच कारणे दाखवा नोटीस काढू नका हो, आधी काटा तपासा. मी कितीतरी ठिकाणी बघितलंय की बिचारी सेविका प्रामाणिक आणि काटा बिघडलेला.

आणि छेद बघा, अंशाकडे सगळेच बघतात. कुपोषित किती टक्के, तर मोजलेल्यांपैकी. आमच्या भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात ती होळीला परत येतात, म्हणजे सगळ्यात नाजूक मुलं त्या तीन-चार महिन्यांत अहवालातच नसतात, आकडा छान खाली येतो आणि वर बसलेल्यांना वाटतं योजना चालली. तेव्हा कुठल्याही टक्केवारीच्या शेजारी 'गावात नोंद किती, त्यातली प्रत्यक्ष मोजली किती' हे दिसलंच पाहिजे, आणि स्थलांतरित मुलांचा वेगळा रकाना हवा, म्हणजे ते मूल जिथे गेलंय तिथल्या अंगणवाडीला कळवता येईल.

निर्देशक म्हणाल तर मी दहाच्या वर जाणार नाही. प्रत्येक रकान्याला विचारा, हा आकडा बदलला तर कोण काय वेगळं करणार? उत्तर नसेल तर रकाना काढा. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीची माहिती भरायचं केंद्राचं ॲप आल्यावर महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत करायचं आंदोलन केलं होतं, फोन बरोबर चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं. सेविका कामाला नाही म्हणत नव्हत्या, त्यांना आपल्या भाषेत नीट चालणारं साधन पाहिजे होतं. तुमचं ॲप आधी रेंज नसलेल्या पाड्यावर महिनाभर चालवून बघा, आणि ॲप आलं की त्या विषयाचं रजिस्टर बंद करा, नाहीतर तेच काम तीनदा होतं, रजिस्टर, ॲप आणि वर परत व्हॉट्सॲपवर 'आजच माहिती पाठवा'.

आता मूल्यमापन. याची संनियंत्रणाशी सरमिसळ करू नका. दर महिन्याचा अहवाल सांगतो काम होतंय का, त्या कामामुळे मुलं सुधारली का हे तो सांगू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपणाचं, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असण्याचं, प्रमाण २००५-०६ ला ४६.३ टक्के होतं, २०१५-१६ ला ३४.४ झालं आणि २०१९-२१ ला ३५.२. म्हणजे आधी चांगली घट आणि मग थांबलं. यात कुठल्या योजनेचा किती वाटा हे या आकड्यांवरून काढता येत नाही, कारण त्याच काळात रस्ते, शिक्षण, उत्पन्न सगळंच बदलत होतं. ते कळायला योजना सुरू व्हायच्या आधीच तयारी लागते. आपल्याकडे १९५२ साली सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी त्याच्या मूल्यमापनासाठी वेगळी संघटना उभी केली होती, हे शहाणपण मधे कुठेतरी मागे पडलं असं मला मनापासून वाटतं. मेक्सिकोने १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' ही, मुलांची शाळा आणि आरोग्य तपासणी यांच्या अटीवर गरीब कुटुंबांना पैसे देणारी योजना आणली तेव्हा अभ्यासाला घेतलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी लाभ दिला आणि १८६ गावांना साधारण दीड वर्षानंतर, कुठली गावं आधी ते सोडतीने ठरवलं, म्हणून फरक दाखवता आला आणि २००० मध्ये सरकार बदललं तरी योजना नाव बदलून का होईना टिकली. तुमच्याकडे निधी एकदम येणार नाहीच, तालुके टप्प्याटप्प्यानेच घ्यावे लागतील, मग क्रम सोडतीने लावा आणि सगळीकडे आधी पायाभूत सर्वेक्षण करा, म्हणजे सुरुवातीची स्थिती मोजून ठेवा.

गावालाही यात घ्या. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात कलम १७ प्रमाणे ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावानेच कामाचा हिशोब तपासणं, ठेवलं होतं, तसंच इथे महिन्यातून एकदा महिलांच्या बैठकीत किती दिवस आहार आला, किती वेळा वजन झालं एवढं मोठ्याने वाचून दाखवलं तरी बायका लगेच सांगतात काय खरं ते. मुलांची नावं मात्र वाचू नका, आईला गावात मान खाली घालावी लागते.

शेवटी एक अगदी व्यवहाराचं. फेरमोजणीचा प्रवासखर्च, काट्यांची दुरुस्ती आणि पायाभूत सर्वेक्षण यांचे पैसे पहिल्याच शासन निर्णयात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली टाकून घ्या. नंतर मागितले तर मिळत नाहीत, आम्ही दोन वर्षं मागत होतो. मसुदा तयार झाला की इथेच टाका, मी रकाने बघून देईन.