भाषांतर-यंत्रांच्या लष्करी धंद्यात उतरताय?

मोठ्या पदाचं नंतर बघू. आधी फ्रेझलेटर समजून घे. डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या पैशावर घडलेलं हे यंत्र २००२ च्या सुमारास अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांच्या हाती आलं. सैनिकाने ठरावीक इंग्रजी वाक्य बोलायचं, की यंत्र दारी किंवा पश्तू या तिथल्या भाषांतलं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं वाक्य ऐकवणार. समोरच्याचं उत्तर मात्र त्याला कळत नसे! त्यामुळे मान हलवून, बोट दाखवून भागेल असेच प्रश्न विचारावे लागत. दुतर्फा बोलण्यासाठी डार्पाने पुढे ट्रान्सटॅक प्रकल्प काढला.

शांत खोलीतला डेमो कुणालाही जमतो. तू चाचणी इंजिनाच्या घरघरीत, हातमोजे घालून घे. वाक्यांची यादी पक्की करण्याआधी दुभाष्यांना दाखव, विक्रीवाले थांबतील.