दत्तकपत्र झाले, पण मुलगी ओटीत घातली का?

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो. तीन मुली आहेत. पत्नीची सख्खी बहीण आणि तिचे यजमान अमेरिकेचे नागरिक आहेत, दोघांकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे, त्यांना एक मुलगा आहे. धाकटी मुलगी त्यांना दत्तक द्यायचे ठरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये साडू आठ दिवसांसाठी आले तेव्हा सब-रजिस्ट्रार कचेरीत दत्तकपत्र नोंदवले. मेहुणीने तिकडून संमतीपत्र पाठवले होते. (मुलगी त्या दिवशी शाळेत होती.) आता ती सात वर्षांची आहे आणि आमच्याकडेच असते, जूनपासून आजोळी चंदगडला शाळेत घालायचा विचार आहे. खर्चासाठी मेहुणी दरमहा पैसे पाठवते, तशी आमची परिस्थिती ठीक आहे. नोंदणीकृत दत्तकपत्र असले की व्हिसा मिळतो, असे एजंटने सांगितले होते. आता कळते की काराचे (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे) ना-हरकत प्रमाणपत्र लागते. दत्तकपत्र रद्द करून नव्याने करावे का? तोवर मुलीला पर्यटक व्हिसावर पाठवले तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचे आहे. नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ५६ चे पाचवे पोटकलम वाचा. वैध आदेशाशिवाय मूल परदेशी नेणारा, पाठवणारा आणि अशा व्यवस्थेत भाग घेणारा, तिघेही त्यात येतात. शिक्षा कलम ८० प्रमाणे, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. तुमच्या बाबतीत पाठवणारे तुम्ही स्वतः असाल. शिवाय कायमचे राहायला न्यायचे मूल फिरायला आणले म्हणून सांगणे तिकडच्या अर्जातही खोटेच ठरते, आणि ते मुलीच्या नावावर कायमचे चिकटते.

एजंट तुम्हाला कलम ५६ चेच तिसरे पोटकलम दाखवेल. हिंदू दत्तक कायद्याखालच्या दत्तकाला बाल न्याय अधिनियम लागू नाही, असे त्यात आहे खरे. लगेच पुढचे चौथे पोटकलम मात्र तो दाखवणार नाही. एका देशातून दुसऱ्या देशात होणारे प्रत्येक दत्तक याच अधिनियमाप्रमाणे आणि दत्तक विनियमांप्रमाणे व्हावे, असे ते सांगते. थोडक्यात, तुमचे दत्तकपत्र भारतात नाते सिद्ध करील, विमानतळ पार करून देणार नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातून अशी पत्रे येतच असतात. देश बदलतो, एजंटचे वाक्य तेच राहते.

आता कंसाकडे येतो. तुमच्या पत्रातले सर्वात महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे : मुलगी त्या दिवशी शाळेत होती. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ च्या कलम ११ मधली सहावी अट अशी : दत्तकाचे मूल जन्मदात्या कुटुंबातून दत्तक कुटुंबात द्यायच्या हेतूने प्रत्यक्ष दिलेले आणि घेतलेले असले पाहिजे. दत्तहोम लागत नाही, भटजी लागत नाही, जेवणावळ तर नाहीच. देणे-घेणे मात्र लागते. बाकीच्या अटी तुमच्या बाबतीत अडत नाहीत असे दिसते. त्यांना मुलगा आहे, पण मुलगी नाही, म्हणून मुलगी दत्तक घेता येते. मुलीचे वय पंधराच्या आत आहे. पतीने घ्यायचे आणि पत्नीने संमती द्यायची, ही रीतही चालते. साडू आणि मुलगी यांच्यात एकवीस वर्षांचे अंतर असणारच. परदेशी नागरिक झालेल्या हिंदूंना हा कायदा कितपत लागू होतो, यावर वाद आहे. त्यात आज शिरत नाही.

तर त्या आठ दिवसांत कधीतरी, घरी का होईना, चार माणसांसमोर तुम्ही दोघांनी मुलगी साडूंच्या ओटीत घातली का? की सह्या झाल्या, फोटो झाला आणि साडू गोव्याहून विमानात बसले? दत्तकपत्रात ‘मुलीस प्रत्यक्ष दिले व घेतले’ असे वाक्य नक्की असेल, कारण ते छापील मसुद्यातच असते. नोंदणी झालेल्या आणि दोन्ही बाजूंनी सही केलेल्या दस्तावरून न्यायालय दत्तक कायदेशीर झाले असे धरून चालते. ते कलम १६ चे गृहीतक आहे, पुराव्याने खोडता येते. त्या दिवसाचा शाळेचा हजेरीपट आणि त्यानंतर मुलगी सतत तुमच्याच घरी राहिल्याच्या नोंदी हा तसा पुरावा होऊ शकतो. पण शाळेतून आल्यावर संध्याकाळी घरी विधी झाला असेल, तर हजेरीपटाला काही अर्थ उरत नाही.

याच्यावर सगळे का ठरते ते पाहा. दत्तक वैध झाले असेल तर कलम १५ प्रमाणे ते कोणालाच रद्द करता येत नाही. तुम्हाला नाही, साडूंना नाही, उद्या मोठी झालेल्या मुलीलाही नाही. तेव्हा ‘रद्दपत्र’ नोंदवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. सब-रजिस्ट्रार ते नोंदवूनही घेतील कदाचित, पण नोंदवल्याने त्याला जीव येत नाही. दत्तक मुळात झालेच नाही, अशी घोषणा फक्त न्यायालय देऊ शकते, आणि त्या दाव्याला मुदत कायदा १९६३ च्या परिशिष्टातील ५७ वा अनुच्छेद लागतो. दत्तक कळल्यापासून तीन वर्षे. तुम्ही सगळे त्या दस्ताला सही किंवा संमती देणारे आहात, त्यामुळे कधी कळले हा प्रश्नच नाही. मुदत नोव्हेंबर २०२६ मध्ये संपते. मुलगी अल्पवयीन आहे म्हणून तिच्या नावाने जास्त वेळ मिळेल असे कोणी सुचवील. त्या भरवशावर राहू नका.

मात्र उद्याच दावा लावायला धावू नका. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेसाठी दत्तकपत्र मेलेले हवे, दुसरीसाठी जिवंत. आधी वाट ठरवा, मग दस्ताला हात लावा. बहुतेक कुटुंबे नेमके उलटे करतात.

पहिली वाट हेग कराराची. भारत आणि अमेरिका दोघेही १९९३ च्या हेग दत्तक कराराचे, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, सदस्य आहेत. मावशी ही बाल न्याय अधिनियमाच्या व्याख्येतली नातेवाईक आहे. (चुलते, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा, एवढेच, चुलत-मावस भावंडे त्यात नाहीत.) म्हणून कलम ६० खालचे नातेवाईक दत्तक शक्य आहे. यात क्रम असा : मेहुणी-साडूंनी तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून गृह अध्ययन अहवाल करून घ्यायचा आणि आय-८००ए (दत्तक पालक म्हणून पात्र ठरवून घेण्याचा अमेरिकी अर्ज) भरायचा, त्या संस्थेमार्फत काराच्या पोर्टलवर नोंदणी, मग बेळगावच्या जिल्हा बाल संरक्षण घटकाचा कर्मचारी तुमच्या घरी येऊन कौटुंबिक पार्श्वभूमीचा अहवाल करणार, तो तिकडे गेल्यावर करारातील अनुच्छेद ५ आणि १७ प्रमाणे अमेरिकेची संमती, त्यानंतर काराची पूर्वमान्यता, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश. सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश न्यायालय नव्हे, जिल्हाधिकारी देतात. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. कायदा लिहिणाऱ्यांनी सरकारी कचेरीची आवक शाखा पाहिलेली नसावी.

दत्तक या सगळ्याच्या शेवटी येते, हे लक्षात आले ना? तुम्ही ते सुरुवातीलाच उरकले. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे आय-८०० या, विशिष्ट मुलासाठीच्या पुढच्या अर्जाला तात्पुरती मंजुरी मिळण्याआधी दत्तक पुरे झाले असेल, तर तो अर्ज नाकारला जातो. आधीचे दत्तक इथल्या सक्षम अधिकाऱ्याने संपवलेले असावे लागते. म्हणून या वाटेवर कलम १५ आडवे येते, आणि तुमचा कंस इथे कामाला येतो. त्यातही आणखी एक खड्डा आहे, जो एजंटला ठाऊकच नसतो. दोन्ही जन्मदाते हयात असतील तर ते मुलाचा नीट सांभाळ करण्यास असमर्थ आहेत, हे अमेरिकेला दाखवावे लागते. तुम्ही तर परिस्थिती ठीक आहे म्हणता. असमर्थता इथल्या राहणीमानावर मोजतात, तरी तीन मुली असणे म्हणजे असमर्थता नव्हे. घरी येणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर गरिबीचे नाटक करू नका. पक्के घर, शेतीचा उतारा आणि बँकेचे पासबुक त्याला दिसतेच. हा भाग मात्र अमेरिकेतल्या, दत्तकाचेच काम करणाऱ्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी तपासून घ्या. नियमाला अपवाद आहेत का, हेही त्यानेच सांगायचे.

दुसरी वाट दोन वर्षांच्या सहवासाची. सोळाच्या आत दत्तक झालेले मूल दत्तक पालकाच्या कायदेशीर ताब्यात दोन वर्षे असले आणि दोन वर्षे त्याच्यासोबत राहिले, तर आय-१३० हा साधा कौटुंबिक अर्ज करता येतो. हेग देशातल्या मुलासाठी ही दोन वर्षे अमेरिकेबाहेर, म्हणजे तुमच्या बाबतीत भारतात, काढावी लागतात. सलग नसली तरी बेरीज चालते. अर्ज जो करणार त्यानेच राहावे, हे सुरक्षित. ओसीआय कार्डामुळे मेहुणीला इथे राहण्याची अडचण नाही. अडचण तिच्या नोकरीची आणि तिकडच्या मुलाच्या शाळेची, जी तुम्ही चौघांनी २०२३ मध्येच बोलायला हवी होती. या वाटेला दत्तक वैध असणे हा पाया आहे. दत्तक झालेच नाही असे न्यायालयाकडून आधी लिहून घेतले, तर ही वाट तुम्हीच बुजवलीत.

सहवास म्हणजे एका छपराखाली झोपणे नव्हे. मेहुणी तुमच्याच घरी, तुमच्यासोबत राहिली तर पालकत्वाचा मुख्य अधिकार कोणाचा, हे तिलाच सिद्ध करावे लागेल, आणि ते जड जाते. बेळगावच्या टिळकवाडीत किंवा शहापुरात तिने स्वतःच्या नावाने घर भाड्याने घ्यावे, करार नोंदवावा. शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून तिची सही, डॉक्टरांच्या फाइलवर तिचे नाव, मुलीच्या आधारवर तो पत्ता. हे कागद दोन वर्षांनी मागून तयार होत नाहीत.

या वाटेनेही काराचे ना-हरकत प्रमाणपत्र सुटत नाही. हिंदू दत्तक कायद्याखालचे मूल परदेशी न्यायचे असेल तर काय करायचे, यासाठी दत्तक विनियम २०२२ मध्ये स्वतंत्र प्रकरण आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी बाल संरक्षण घटकाच्या मदतीने दत्तकाची पडताळणी करायची, जाणार त्या देशाचे पत्र यायचे, मग कारा प्रमाणपत्र देते. १७ सप्टेंबर २०२१ च्या आधीच्या दत्तकांची वेगळी सोय आहे, तुमचा दस्त नंतरचा आहे. आय-१३० च्या वाटेवर अमेरिकेचे कोणते पत्र काराला पुरेल, हे मेहुणीने इथे बिऱ्हाड करण्याआधी काराला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. उत्तर आलेच नाही किंवा नकार आला, तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करता येते. अशा अडकलेल्या प्रकरणांत उच्च न्यायालयांनी काराला निर्देश दिलेले आहेत. पण ती हमी नाही, आणि तारखांचे तर विचारूच नका.

चंदगडचा बेत तूर्त थांबवा. नातेवाईक दत्तकाचा अर्ज मूल जन्मदात्यांसोबत राहते त्या जिल्ह्यात करायचा असतो. मुलगी चंदगडच्या शाळेत आणि तुम्ही खानापुरात, असे झाले की बेळगाव कोल्हापूरकडे बोट दाखवणार आणि कोल्हापूर बेळगावकडे. चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांचा अनुभवही इथे जसाच्या तसा लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये प्रलंबित दत्तक प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करण्याला अंतरिम स्थगिती दिली होती, त्यामुळे तिकडची काही प्रकरणे कोर्टातच चालली. दुसऱ्या वाटेने गेलात तर चंदगडची शाळा आणखी घातक. मुलगी तिसऱ्याच घरी असताना मावशीचा सहवास कसा दाखवणार?

दरमहाच्या पैशांचे. दत्तकाच्या बदल्यात पैसे घेणे-देणे हिंदू दत्तक कायद्याच्या कलम १७ ने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. तुमचे पैसे त्यासाठी नाहीत हे मला मान्य आहे, पण तपासणारा खात्याचा उतारा पाहतो, मन पाहत नाही. रक्कम मुलीच्या नावाच्या खात्यात यावी, फी आणि औषधांच्या पावत्या त्याला जोडून ठेवाव्यात. आतापर्यंतच्या रकमांचा हिशेब आजच कागदावर मांडा.

कागदांचे राहिले. तुमच्या पत्नी आणि मेहुणी सख्ख्या बहिणी आहेत हे दाखवणारे दाखले चंदगडच्या शाळेतून काढा. दोघींच्या दाखल्यांवर वडिलांचे नाव अक्षरशः एकच आहे का पाहा. मुलीचा जन्मदाखला कानडीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करा आणि नावाचे स्पेलिंग आधार, पासपोर्टशी जुळवा. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलले, त्यामुळे जुन्या कागदांवर बेलगाम आणि नव्यांवर बेळगावी असेल. दोन्ही एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र लागेल. दत्तक आईबापांना जन्मदाते दाखवणारा नवा जन्मदाखला कोणी काढून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो फौजदारी गुन्हा आहे, आणि दूतावास डीएनए चाचणी मागू शकतो.

या आठवड्यात एवढेच करा : दत्तकपत्राची प्रमाणित प्रत काढा, कानडी नीट वाचणाऱ्याकडून ओळ न ओळ समजून घ्या, आणि नोव्हेंबर २०२३ च्या त्या आठ दिवसांत नेमके काय घडले ते तुम्ही, पत्नी आणि साडू यांनी वेगवेगळे, एकमेकांना न विचारता लिहून काढा. तीनही कागद घेऊन वकिलाकडे जा. तिघांचे एकच निघाले नाही, तर दावा कोणत्याही बाजूने टिकणार नाही, आणि ते तुम्हाला न्यायालयात नव्हे, वकिलाच्या टेबलावर कळलेले बरे.