शिलाई काढ, जमा-नावे ठेव

अरे, तुझ्या उधारीच्या ॲपचं डिझाईन बघितलं, लाल कापडी वही, कडेला शिलाई, पान उलटलं की सावली, मेहनत दिसतेय रे. पण यातलं कामाचं काय ते आधी ठरव. ॲपलनेही आयफोनच्या आयओएस ६ या सिस्टीमपर्यंत हेच केलं, नोट्सला पिवळा कागद, आयबुक्सला लाकडी फळ्या, आणि २०१३ ला आयओएस ७ आलं तेव्हा त्यातलं बहुतेक काढून टाकलं. मग दुसरं टोक, सगळं इतकं सपाट की बटण कुठलं आणि नुसती अक्षरं कुठली तेच बऱ्याच जणांना कळेना, २०१४ च्या गूगलच्या मटेरियल डिझाईन या नियमावलीत बघ, सावल्या मुद्दाम ठेवल्यात.

तर शिलाई काढ, ती काहीच काम करत नाही. पण डावीकडे जमा, उजवीकडे नावे (म्हणजे दिलेली उधारी) हे मात्र सोडू नकोस, वही लिहिणाऱ्या जुन्या दुकानदाराची नजर तशीच फिरते, माझ्या मते खरं स्क्युओमॉर्फिझम, म्हणजे जुन्या ओळखीच्या वस्तूची नक्कल स्क्रीनवर आणणं, तेच. आणि ते पांढऱ्यावर पांढरं फुगीर बटण नकोच, उन्हात दिसणारच नाही, कडेचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे कड आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, निदान ३:१ ठेव.

एकदा मंडईत जा, एखाद्या भाजीवाल्या मावशींच्या हातात फोन दे, काही न सांगता एक उधारी टाकायला सांग आणि बोट आधी कुठे जातं ते बघ.